सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या तर रुग्णालयाला कायद्याने काय करावंच लागतं?

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पुण्यात एकच विषय होता. जुळी बाळं पोटात असलेली, दिवस पूर्ण न भरलेली एक बाई शहरातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात पोचली. दाखल करून घेण्याआधी दहा लाख रुपये अनामत मागितल्याचा तिच्या घरच्यांचा आरोप होता. तिला दुसरीकडे हलवलं गेलं. तिथे जुळ्या मुली अकाली जन्मल्या आणि पुढे आई गेली. आंदोलनं झाली, चौकशी समित्या बसल्या आणि आपत्कालीन रुग्णाकडे आधी पैसे मागू नका हा जुनाच नियम यंत्रणांना शहरातल्या रुग्णालयांना नव्याने बजावावा लागला.

त्या प्रकरणात दोष कोणाचा, हे ठरवण्याच्या जागा वेगळ्या आहेत. पण त्या दिवसांत रिक्षात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ओपीडीच्या रांगेत लोक जे विचारत होते, त्याचं उत्तर मात्र आपल्या सगळ्यांकडे असायला हवं. कळा सुरू झालेल्या बाईला रुग्णालय दारातून परत पाठवू शकतं का? बाळ काचेच्या पेटीत असताना पैसे संपले तर काय? आणि आपल्या बाजूने कायदा आहे तरी कुठे?

कायदा आहे. तो एका पुस्तकात नाही, चार-पाच ठिकाणी विखुरलेला आहे, एवढीच अडचण. आणि तो सगळा येऊन थांबतो एका प्रश्नावर: समोरची बाई 'इमर्जन्सी' आहे की नाही? म्हणून तिथूनच सुरुवात करू.

घाई नेमकी कशाची असते

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत बाळ जन्मलं तर ती अकाली प्रसूती. २०२० या एका वर्षात भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे. तेव्हा ही कोणाच्या तरी नशिबी आलेली विरळा गोष्ट नव्हे. तुमच्या इमारतीत, तुमच्या नात्यात असं एखादं मूल नक्की असेल.

आपल्याकडे अजून म्हणतात की सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही. हे खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा, कधीकधी प्रत्येक जादा दिवस, बाळाच्या फायद्याचाच असतो. बत्तिसाव्या आठवड्यातल्या बाळापेक्षा चौतिसाव्या आठवड्यातलं बाळ जास्त तगतं. या समजुतीपायी आठव्या महिन्यातल्या कळांकडे 'आता काय उपयोग' म्हणून बघणारी घरं आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

अकाली बाळाची सर्वांत मोठी अडचण फुप्फुसांची असते, ती उघडी राहायला तयार झालेली नसतात. त्यासाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात डेक्सामेथासोन वापरतात: ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी एक, अशी चार इंजेक्शनं. चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या तर त्याचा उपयोग होतो. औषध अगदी स्वस्त आहे, साध्या केंद्रातही ठेवता येतं. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम ताईंनीसुद्धा, म्हणजे सरकारी केंद्रातल्या आरोग्यसेविकांनीसुद्धा, द्यावा, अशी मुभा केंद्र सरकारने २०१४ पासून दिलेली आहे. कळा थोड्या लांबवणारी औषधंही असतात. त्यांचा खरा उद्देश प्रसूती महिनाभर पुढे ढकलणं हा नसतो, या चार इंजेक्शनांना वेळ मिळावा हा असतो.

आता हिशेब करा. चार डोस म्हणजे दीड दिवस, आणि परिणाम व्हायला आणखी काही तास. बाई हडपसरहून एका रुग्णालयात गेली, तिथून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात आणि प्रत्येक दारात दोन-दोन तास काउंटरवर गेले, तर वाया काय गेलं? बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मिळणारा वेळ. शिवाय वेळेआधी कळा येण्यामागे बऱ्याचदा आईचंच काही बिघडलेलं असतं: रक्तदाब चढलेला, जंतुसंसर्ग, रक्तस्राव. म्हणजे एका खाटेवर दोन रुग्ण असतात आणि दोघांचंही घड्याळ चालू असतं.

कायद्याच्या नजरेत इमर्जन्सी कोणती?

इथेच सगळा घोळ होतो. बाई स्वतःच्या पायांनी चालत आली, बोलत होती, म्हणजे 'इमर्जन्सी नव्हती', असं म्हणण्याची सोपी सवय पडलेली आहे. अपघातात रक्तबंबाळ झालेला माणूस इमर्जन्सी असतो हे कोणालाही दिसतं. पाणी गेलेली, बत्तिसाव्या आठवड्यातली बाई खुर्चीवर शांत बसलेली असते.

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा, म्हणजे दवाखाने-रुग्णालयांच्या नोंदणीचा कायदा, इमर्जन्सीची व्याख्या नीट करतो. ताबडतोब उपचार मिळाले नाहीत तर रुग्णाच्या प्रकृतीला गंभीर धोका होईल अशी स्थिती म्हणजे आपत्कालीन स्थिती. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तिची स्वतःची किंवा पोटातल्या बाळाची प्रकृती, यांपैकी कुठलीही धोक्यात येणार असेल तरी ती आपत्कालीनच. थोडक्यात, आत्ता ती कशी दिसते यावर नाही, उशीर केला तर काय होईल यावर ठरवायचं. अमेरिकेत १९८६ साली झालेल्या कायद्याची व्याख्या जवळपास अशीच आहे. पैसे नसलेल्या रुग्णांना, त्यात कळा सुरू असलेल्या बायकांनाही, खासगी रुग्णालयं परत पाठवत होती म्हणून तो करावा लागला होता.

पण महाराष्ट्राने हा केंद्रीय कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. आणि तरीही पुण्यातलं रुग्णालय मोकळं सुटत नाही. त्याची कारणं पुढे आहेत.

मुळाशी आहे संविधानाचं २१ वं कलम, जगण्याचा हक्क. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितलं की सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्याची व्यावसायिक जबाबदारी आहे, कागदपत्रांची पूर्तता तिच्या आड येऊ शकत नाही. १९९६ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात सरकारी रुग्णालयांनी 'बेड नाही' म्हणत एका जखमी मजुराला एकामागून एक परत पाठवलं होतं. त्याला वेळेवर उपचार न मिळणं हाच २१ व्या कलमाचा भंग आहे, आणि पैशांची चणचण ही सरकारची सबब चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. बाळंतपणाबद्दल थेट बोलणारा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा, २०१० चा. एका गरीब बाईला झाडाखाली बाळंत व्हावं लागलं होतं. आर्थिक-सामाजिक स्थिती काहीही असो, गरोदर स्त्रीला उपचार नाकारता येणार नाहीत, हे त्या निकालाचं सार.

आगीचा बंब दारात आल्यावर घरपट्टीची पावती मागत नाही. आधी पाणी मारतो, पंचनामा नंतर. आपत्कालीन उपचारांचा नियम एवढाच आहे.

ट्रस्टचं रुग्णालय असेल तर

पुण्यातली बरीच नावाजलेली रुग्णालयं सार्वजनिक ट्रस्टची आहेत. चकचकीत लॉबी आणि बिलांचे आकडे पाहून ती खासगी कंपनीची वाटतात, पण कायद्याच्या लेखी ती धर्मादाय आहेत आणि त्या बदल्यात त्यांना करात व इतर बाबतींत सवलती मिळतात. त्यांना लागू होतं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं ४१ एए हे कलम, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना.

या योजनेचा एक भाग लोकांना थोडाफार ठाऊक असतो. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. हा खर्च भागवायला रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम एका वेगळ्या निधीत टाकायची असते.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. आपत्कालीन रुग्ण आला तर धर्मादाय रुग्णालयाने त्याला ताबडतोब दाखल करून घ्यायचं, स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे सगळे आवश्यक उपचार द्यायचे आणि अनामत मागायची नाही. पुढे सरकारी रुग्णालयात हलवायची गरज पडली तर त्या वाहतुकीची सोयही त्याच रुग्णालयाने करायची. हे शब्द योजनेत स्पष्ट आहेत. म्हणजे आयटी कंपनीत नोकरी करणारी बाई असो की मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याची बायको, दारात आल्यावर आधी उपचार, अनामतीचा विषय नाही.

काउंटरवरचा माणूस म्हणेल, 'तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा, रेशन कार्ड आणा.' ती कागदपत्रं लागतात मोफत किंवा सवलतीच्या खाटेसाठी, बिलाच्या हिशेबासाठी. रात्री दोन वाजता कळा देणाऱ्या बाईला आत घेण्यासाठी नाही. हा फरक तिथल्या तिथे, न ओरडता पण ठामपणे सांगता आला पाहिजे. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला बोलवायला सांगा. ही योजना रोज हाताळणारी माणसं तीच असतात.

साधं खासगी प्रसूतिगृह असेल तर

पेठेतलं वीस खाटांचं प्रसूतिगृह ट्रस्टचं नसतं. त्याला १९४९ चा कायदा आणि त्याखालचे जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेले नियम लागू होतात. आपत्कालीन रुग्णाला आगाऊ पैशांसाठी न अडवता जीव वाचवणारे प्राथमिक उपचार देणं, रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं, हे त्यात येतं. महापालिका हद्दीत या नियमांवर देखरेख महापालिकेच्या आरोग्य विभागाची असते. डॉक्टरांच्या आचारसंहितेतही हेच आहे: एरवी कोणाला तपासायचं हे डॉक्टर ठरवू शकतो, आपत्कालीन हाकेला मात्र त्याने प्रतिसाद द्यायला हवा.

'आमच्याकडे एनआयसीयू नाही, दुसरीकडे न्या'

हे उत्तर दर वेळी बहाणा असतं असं नाही. बाळ बत्तिसाव्या आठवड्यातलं असेल आणि एनआयसीयू म्हणजे नवजात अतिदक्षता विभागच नसेल, तर त्या ठिकाणी प्रसूती करणं धोक्याचं आहे. अशा बाळासाठी सर्वांत सुरक्षित ॲम्ब्युलन्स म्हणजे आईचं पोट. बाळ जन्मल्यावर हलवण्यापेक्षा आईला आधी हलवणं केव्हाही बरं.

पण पाठवणं आणि घालवून देणं यात फरक आहे. कायदा रुग्णालयाकडून अशक्य गोष्ट मागत नाही. जी साधनं आणि माणसं आहेत तेवढ्यात रुग्णाला स्थिर करा आणि मग रीतसर पाठवा, एवढंच मागतो. रीतसर म्हणजे काय, ते चिठ्ठीवरून कळतं.

वाईट चिठ्ठी अशी असते: 'आठवा महिना, कळा, एनआयसीयू बेड उपलब्ध नाही, पुढील उपचारांसाठी रवाना.' खाली गिरगटलेली सही. चांगल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: किती आठवडे पूर्ण, पाणी कधी गेलं, आल्यावर रक्तदाब किती होता, गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं आहे, बाळाचे ठोके किती, डेक्साचा पहिला डोस किती वाजता दिला, पुढचा कधी द्यायचा, पुढच्या रुग्णालयात फोनवर कोणाशी बोलणं झालं, रुग्ण किती वाजता निघाला. पुढच्या डॉक्टरला याच ओळींवरून पुढचं पाऊल ठरवता येतं. आणि उद्या वाद झालाच, तर आपल्या दारात काय झालं आणि काय झालं नाही याचा पुरावाही याच ओळी असतात. म्हणून चिठ्ठीवर वेळ नसेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्या. तेवढं एक मिनिट वाया जात नाही. डेक्साचा डोस दिला का, हेही विचारा.

वाहन म्हणून १०८ ला फोन करा. ती सेवा मोफत आहे. गरोदर माता आणि बाळांसाठी १०२ सुद्धा आहे.

सरकारी रुग्णालयात काय मिळायला हवं

ससून, महापालिकेचं कमला नेहरू, पिंपरीचं वायसीएम, औंधचं जिल्हा रुग्णालय. पुणे परिसरात अकाली बाळांचा मोठा भार हीच रुग्णालयं उचलतात, गर्दी सोसून उचलतात. तिथे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे, १ जून २०११ पासून. प्रसूती मोफत, सिझेरियनही मोफत. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण मोफत. येण्याचा, एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाण्याचा आणि घरी परतण्याचा प्रवासही मोफत. आजारी नवजात बाळाचे उपचार आधी तीस दिवसांपर्यंत मोफत होते, पुढे ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवली गेली.

बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडली की माणसं मुकाट्याने मेडिकलकडे पळतात. पळू नका असं मी म्हणणार नाही, त्या क्षणी औषध महत्त्वाचं. पण पावती जपून ठेवा आणि या कार्यक्रमाचं नाव घेऊन अधीक्षकांकडे लेखी द्या.

आणखी एक गोष्ट. सरकारी नवजात कक्षात आईबापांना आत येऊन बाळाच्या काळजीत भाग घेता यावा, यासाठी केंद्र सरकारची २०१७ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आईने बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं, ज्याला कांगारू पद्धत म्हणतात, हा लाड नाही, उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तो जन्मानंतर लगेच सुरू करा असं सांगितलं आहे. 'बाळाला बघायची वेळ चार ते पाच' असं कोणी म्हणालं तर याबद्दल विचारा.

पण मग पैसे कोणी द्यायचे?

डॉक्टरांचा हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. बंब महापालिकेच्या तिजोरीतून चालतो. खासगी रुग्णालयाचे व्हेंटिलेटर आणि परिचारिका रुग्णांच्या बिलांतून चालतात. अकाली बाळाचा एनआयसीयूतला मुक्काम कित्येक आठवड्यांचा असू शकतो.

यावर दोन गोष्टी. पहिली, कायदा 'आधी' पैसे मागायला मनाई करतो, 'नंतर' बिल लावायला नाही. स्थिर झाल्यावर धर्मादाय योजनेचा लाभ नसलेल्या कुटुंबाला बिल भरावं लागतं. नियम फक्त क्रम ठरवतो. दुसरी, इथे सरकार कमी पडतं हे मान्य करायला हवं. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा करताना, आपत्कालीन रुग्ण पैसे देऊ शकला नाही तर खर्चाची भरपाई सरकारने करायची असं लिहिलं. महाराष्ट्रात तशी थेट तरतूद नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ती अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांतच चालते. पुण्यात कोणतं जवळचं रुग्णालय या योजनेत आहे आणि तिथे एनआयसीयू आहे का, हे सहाव्या महिन्यातच जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारून ठेवा. माझ्या मते खासगी रुग्णालयांवर कर्तव्य लादायचं आणि भरपाईचं नाव काढायचं नाही, या पद्धतीनेच काउंटरवरची अनामत जिवंत ठेवली आहे.

सही नवऱ्याचीच लागते का?

नाही. सज्ञान स्त्रीच्या शरीरावरच्या उपचारांना तिची संमती लागते आणि तेवढी पुरते. उपचाराआधी रुग्णाला समजेल अशी माहिती देऊन संमती घ्यायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तपशिलात सांगितलं आहे. नवरा दौंडहून निघालाय, पोचायला दोन तास लागतील, तोवर सिझेरियन थांबलंय, असं होता कामा नये. ती बेशुद्ध असेल आणि नातेवाईक नसतील तर? जीव वाचवण्यासाठी चांगल्या हेतूने केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेचं ३० वं कलम संरक्षण देतं.

जन्मलेल्या बाळाचा स्वतःचा हक्क

बाळ जिवंत जन्मलं की ते कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे, वजन एक किलो असो की तीन. आईच्या फाइलचा ते उपविभाग नसतं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बाळावरच्या उपचारांत आईबाप आणि मूल असे दोघंही ग्राहक असतात, नुकसानभरपाई दोघांनाही मिळू शकते.

याचा अर्थ किती खोल जातो, ते तामिळनाडूच्या एका प्रकरणात दिसतं. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात एक मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन १२५० ग्रॅम. ती जगली, घरी गेली. पण अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची चुकीची वाढ होऊ शकते, त्याला आरओपी म्हणतात. वेळेत सापडलं तर लेझरने दृष्टी वाचवता येते, पण ती वेळ फार थोडी असते. या मुलीची तपासणी कोणी केली नाही, ती करायची असते हे आईबापांना कोणी सांगितलं नाही. तिची दृष्टी कायमची गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. २०१९ मध्ये दिल्लीच्या एका खासगी रुग्णालयाच्या बाबतीत अशाच चुकीसाठी ७६ लाखांचा आदेश झाला.

या दोन निकालांनी एक गोष्ट पक्की केली: बाळाला जगवलं म्हणजे काम संपलं असं नाही. पुढच्या धोक्याची सूचना देणं हेही उपचारांतच येतं. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं असेल किंवा दोन किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. फारच लवकर जन्मलेल्यांचा आणखी आधी, दोन-तीन आठवड्यांत. डिस्चार्ज कार्डवर ही तारीख लिहिलेली आहे का बघा. नसेल तर लिहून मागा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरओपीचा समावेश आहे, त्यामुळे खर्चाच्या भीतीने ही तारीख चुकवू नका.

'इतकं छोटं बाळ, कशाला हाल करायचे?'

हा प्रश्न घरातली माणसंच विचारतात, आणि तो निर्दयपणातून येत नाही. तेविसाव्या-चोविसाव्या आठवड्यातल्या बाळाचं भवितव्य खरोखर अनिश्चित असतं. इतक्या आठवड्यांच्या वर प्रयत्न करायचे आणि खाली करायचे नाहीत, अशी रेघ आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. तिथे डॉक्टरांचं ज्ञान, त्या रुग्णालयाची साधनं आणि आईबापांशी मोकळं बोलणं, यांतूनच निर्णय होतो. मात्र बाळ तगण्याची रास्त शक्यता असताना, केवळ ते मुलगी आहे किंवा पैसे नाहीत म्हणून उपचार सोडून देणं याला 'पालकांचा निर्णय' म्हणता येणार नाही.

पैसे संपल्यावर 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' अशा कागदावर सही घेतली जाते. ती करण्याआधी तीन गोष्टी विचारा: धर्मादाय खाट मिळेल का, फुले योजनेत बसेल का, सरकारी नवजात कक्षात रीतसर हलवता येईल का.

बिल थकलं म्हणून बाळ अडवून ठेवता येतं का?

येत नाही. बिलाच्या वादावरून रुग्णाला डांबून ठेवता येणार नाही, मृतदेहही अडवता येणार नाही, हे रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे. थकलेल्या पैशांसाठी रुग्णालयाला दिवाणी मार्ग आहे.

तक्रार करायची तर

रुग्णालय ट्रस्टचं असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालय. खासगी असेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषद. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पूर्ण मोफत चालणारी सरकारी रुग्णालयं ग्राहक कायद्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी उच्च न्यायालयाचा रस्ता असतो.

डॉक्टरवर फौजदारी गुन्हा हा पहिला मार्ग समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००५ पासून त्यासाठी ढोबळ निष्काळजीपणाची आणि तज्ज्ञांच्या मताची अट घातली आहे, आणि ती योग्यच आहे. प्रत्येक मृत्यू निष्काळजीपणाने होत नाही. तोडफोड तर कधीच नको. महाराष्ट्रात २०१० पासून तो अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि त्याच मजल्यावर दुसऱ्या कोणाचं तरी बाळ पेटीत असतं.

सगळ्यात आधी केसपेपर मागा. लेखी अर्ज दिल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायला डॉक्टर बांधील आहेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख-वेळेसकट. त्या नोंदींमध्ये बघायचं ते हे: बाई दारात किती वाजता आली, पहिल्यांदा कोणी किती वाजता तपासलं, पहिलं इंजेक्शन किती वाजता दिलं आणि पैशांचा विषय या सगळ्याच्या आधी निघाला की नंतर.

नोकरी करणाऱ्या आईसाठी एक शेवटची नोंद. मातृत्व रजेच्या कायद्यात, पहिल्या दोन अपत्यांसाठीच्या २६ आठवड्यांशिवाय, अकाली जन्मामुळे उद्भवलेल्या आजारपणासाठी आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून ती मागावी लागते. न मागता कोणी देत नाही.